कोरस नसलेले गाणे

आंबेडकरी गाण्याबद्दल आपल्याकडे जे थोडेफार लिहिले गेले आहे त्यात एक गृहीत कायम असते. हे गाणे समूहाचे आहे, आणि समूहाचे आहे म्हणूनच ते चळवळीचे आहे. सत्यशोधक जलसा, त्यातून आलेला आंबेडकरी जलसा, १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी उभे केलेले लाल बावटा कलापथक, त्यानंतरची कलापथके आणि आज वस्त्यावस्त्यांत असलेल्या गायन पार्ट्या, या सगळ्यांत पुढे एक गाणारा आणि मागे झील धरणारे चार-सहा जण ही मांडणी बदललेली नाही. त्यामुळे एकट्याने गाणारा माणूस आपल्याला फुटलेला वाटतो. 'पार्टी सोडली' हा आरोप आपल्या वस्तीत 'पक्ष सोडला' या आरोपापेक्षा हलका नसतो.

हे गृहीत तपासून पाहावे असे मला काही दिवसांपासून वाटते आहे, आणि त्यासाठी मी एक अमेरिकन ध्वनिमुद्रिका घेणार आहे. उदाहरण लांबचे वाटेल. पण १९७२ साली आपण 'पँथर' हे नाव घेतले तेव्हा अंतर मोजले नव्हते. यावेळचा माणूस मात्र गोरा आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्याचाही हिशेब करायचा आहे.

ब्रूस स्प्रिंगस्टीन हा न्यू जर्सीतल्या कामगार वस्तीतून आलेला गायक. वडील कधी कारखान्यात, कधी तुरुंगात पहारेकरी, कधी बसवर ड्रायव्हर. 'ई स्ट्रीट बँड' हा त्याचा वाद्यवृंद. १९८० साली या बँडबरोबर केलेली 'द रिव्हर' ही ध्वनिमुद्रिका अमेरिकेत खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. म्हणजे पैसा, स्टुडिओ, तंत्रज्ञ, कंपनी, सगळे हाताशी होते. अशा वेळी १९८१ च्या अखेरीस आणि १९८२ च्या जानेवारीच्या सुरुवातीस हा माणूस कोल्ट्स नेक या गावी भाड्याच्या घरात, झोपायच्या खोलीत बसून एकटाच गाणी ध्वनिमुद्रित करतो. यंत्र कोणते, तर टीॲक कंपनीचे '१४४'. साध्या कॅसेटवर चार ट्रॅक मुद्रित करणारे, टेबलावर मावणारे. दोन मायक्रोफोन. गिटार, तोंडाने वाजवायची हार्मोनिका, थोडे मॅन्डोलिन, एवढाच सरंजाम. दुसरा आवाज लागला तिथे त्याने आपलाच आवाज दुसऱ्या ट्रॅकवर भरला. मग हे सारे एका साध्या टेपरेकॉर्डरवर उतरवले आणि ती कॅसेट कव्हराशिवाय पँटच्या खिशात घालून तो कित्येक दिवस हिंडत होता.

ही गाणी बँडला शिकवण्यापुरता हा कच्चा खर्डा होता. १९८२ च्या वसंतात बँड स्टुडिओत जमला आणि सगळी गाणी पुन्हा नीट वाजवून पाहिली. काही केल्या जमेना. वाद्ये भरली की माणसे नाहीशी होत. अखेरीस खिशातली कॅसेटच ध्वनिमुद्रिका म्हणून काढायची असे ठरले. तिचा आवाज इतका बारीक होता की तबकडीवर उतरवतानाच तंत्रज्ञांच्या नाकी नऊ आले. ३० सप्टेंबर १९८२ रोजी 'नेब्रास्का' बाजारात आली. बँडने वाजवलेली मुद्रणे त्रेचाळीस वर्षे पेटीत पडून होती. ती २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झाली, आणि आता दोन्ही शेजारी ठेवून ऐकता येतात. मी ऐकली. बँडचे मुद्रण वाईट मुळीच नाही. 'जॉनी ९९' तर पायांना ठेका धरायला लावते. माझा आक्षेप त्या ठेक्यालाच आहे.

कारण हा जॉनी कोण? मोटारीच्या कारखान्याला टाळे लागल्यावर बेकार झालेला कामगार. घर बँकेकडे गहाण. दारूच्या नशेत एका रात्रपाळीच्या कारकुनावर गोळी झाडतो, आणि न्यायाधीश त्याला नव्याण्णव वर्षांची शिक्षा सुनावतो. शीर्षक गीतात १९५८ साली नेब्रास्का राज्यात एकामागून एक खून करत सुटलेला चार्ल्स स्टार्कवेदर स्वतः बोलतो. 'हायवे पेट्रोलमन'मध्ये एक पोलीस आहे, त्याच्या भावाच्या हातून गुन्हा घडतो, आणि पोलीस आपली गाडी थांबवून भावाला सरहद्दीपार जाऊ देतो. 'युज्ड कार्स'मध्ये लहान मुलगा आहे. वडील जुनी मोटार विकत घ्यायला गेले आहेत आणि विक्रेता वडिलांकडे कसा पाहतो हे तो मुलगा पाहतो आहे. 'मॅन्शन ऑन द हिल'मध्ये रात्री बापलेक टेकडीच्या पायथ्याशी गाडी उभी करून वरच्या हवेलीचे दिवे बघतात. पोलादी फाटक, आत मेजवानी. दोघेही काही बोलत नाहीत. ज्याने गावच्या गढीकडे मान वर करून पाहिले आहे त्याला हे गाणे कोणी समजावून सांगायची गरज नाही.

या माणसांच्या तोंडी एक शब्द पुन्हा पुन्हा येतो: 'सर'. कधी न्यायाधीशापुढे, कधी पोलिसापुढे, कधी आपल्यासारख्या ऐकणाऱ्यापुढे. गाणे ऐकताना लक्षात येते की ही गाणी नव्हेत, या जबान्या आहेत. माझे वडील जिनिंगमध्ये हमाली करत. मुकादमाला 'साहेब' म्हणताना त्यांचा आवाज घरातल्या आवाजापेक्षा अर्धी पट्टी वर चढत असे, आणि तो चढलेला आवाज आम्ही मुलांनी कधी ऐकला असे ते धरून चालत नसत. स्प्रिंगस्टीनने हा आवाज पकडला आहे. साहेबापुढे उभ्या असलेल्या माणसाचा तो आवाज आहे. अशा माणसाच्या मागे कोणी नसते, म्हणून तर तो 'सर' म्हणत असतो. त्याच्या मागे ड्रम आणि सॅक्सोफोन उभे केले तर त्याला आधार मिळाल्यासारखे वाटेल, आणि ती फसवणूक होईल. बँड वगळण्यामागे माझ्या मते हे कारण आहे. साधेपणाची हौस हे कारण नव्हे.

'नेब्रास्का'ची गाणी मुद्रित झाली त्या जानेवारीतच, १८ तारखेला, मुंबईत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. अमेरिकेत त्या वर्षअखेर बेकारी १०.८ टक्क्यांवर गेली. दोन्हीकडे कारखाना नावाची गोष्ट माणसाच्या आयुष्यातून उठून चालली होती. आपल्या माणसाच्या वाट्याला यातही एक जास्तीची गोष्ट होती. गिरणीत त्याला विणकाम खात्यात घेतच नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडचा धागा सवर्ण कामगाराला चालत नसे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. म्हणजे जो समूह संपावर गेला त्या समूहाच्या आतही कोणी एकटा होता. संपाची गाणी खूप झाली. त्या एकट्याचे गाणे मला कुठे सापडले नाही.

आता स्प्रिंगस्टीनचा हिशेब. 'नेब्रास्का'त काळा माणूस दिसत नाही. ज्याच्या बँडमध्ये क्लॅरेन्स क्लेमन्ससारखा काळा सॅक्सोफोनवादक मानाच्या जागी होता त्याने बँड घराबाहेर ठेवला तेव्हा क्लेमन्सही बाहेर राहिला, आणि त्याच्याबरोबर अमेरिकेतल्या गरिबीचा रंगही. दुसरी गोष्ट, या मुद्रणाची गरिबी निवडलेली आहे. रॉबर्ट जॉन्सन या काळ्या गायकाचे मुद्रण १९३६ साली सॅन अँटोनियोच्या एका हॉटेलच्या खोलीत झाले. त्याच्यापुढे निवड नव्हती. लेडबेली या गायकाचे पहिले मुद्रण १९३३ साली लुईझियानाच्या अंगोला तुरुंगात झाले, आणि तो तिथला कैदी होता. स्प्रिंगस्टीनला मात्र खोलीतून उठून कधीही स्टुडिओत जाता येत होते. शिवाय ऐकायला जो कच्चेपणा वाटतो तोही केलेला आहे. कॅसेट उतरवताना त्याने प्रतिध्वनीचे यंत्र मध्ये लावले होते, जुन्या तबकड्यांसारखा पोकळ घुमारा यावा म्हणून.

अशा घरगुती मुद्रणाला आज 'लो-फाय' म्हणतात आणि ती एक शैलीच झाली आहे. शहरातली सुस्थितीतली मुले महागड्या यंत्रांतून मुद्दाम खरखर काढतात. त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती या शैलीच्या कौतुकाची भाषा आपल्याकडे वळते तेव्हा. दलित कविता आली तेव्हा प्रस्थापित समीक्षकांनी तिचे स्वागत कोणत्या शब्दांनी केले ते आठवावे: रांगडी, अनघड, धगधगती. कवितेत घडण आहे, निवड आहे, काय गाळायचे याचा विचार आहे, हे मान्य करायचे नसले की 'रांगडी' म्हणायचे. गोऱ्या गायकाने खोलीत बसून केलेली खरखर ही कला, आणि आपल्या पोराच्या मोबाईलमधली खरखर ही परिस्थिती, असा हा न्याय आहे. 'नेब्रास्का'चा मोठेपणा खरखरीत नाही. तो बँड काढून टाकण्याच्या निर्णयात आहे, आणि तो निर्णय घ्यायला कॅसेटची अडचण उपयोगी पडली, एवढेच.

इथे आपल्या साहित्याकडे वळू. एकट्याची जबानी आपल्याकडे झाली नाही असे नाही. ती गद्यात झाली. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले. त्यात दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. एकच माणूस दोन ट्रॅकवर, असे म्हणता येईल. पाठोपाठ प्र. ई. सोनकांबळे, बेबी कांबळे, लक्ष्मण गायकवाड, पुढे २००३ साली उर्मिला पवारांचे 'आयदान'. या आत्मकथनांवर आपल्याच लोकांनी काय आरोप केला? घरची लक्तरे वेशीवर टांगली. चळवळीला अभिमान हवा होता आणि हे लेखक लाज सांगत होते. आज तो वाद मिटला आहे. लाज सांगितल्याशिवाय ती लादणाऱ्याचे नाव घेता येत नाही हे आपण गद्यात मान्य केले. गाण्यात अजून नाही. गाण्यात आपण अभिवादन केले, इशारा दिला, आवाहन केले, बाबासाहेबांचे चरित्र घरोघर पोचवले. वामनदादा कर्डकांसारखा माणूस त्यासाठी आयुष्यभर गावोगाव फिरला. हे काम इतके मोठे आहे की त्याच्यापुढे काही कमी आहे असे म्हणायलाही जीभ अडते. तरी म्हणतो: झील धरून लाज गाता येत नाही. दहा जण मिळून विद्रोह गातात. खोली भाड्याने मागताना आडनाव बदलून सांगितले, हे दहा जण मिळून कसे गातील?

यात कॅसेटने काही बदल केला का, असे विचारले जाईल. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, भीमगीते रिक्षात, हॉटेलात, लग्नमंडपात पोचली, आणि मोठ्या कंपन्यांच्या दयेवर नसलेला एक बाजार आपल्या गायकांना मिळाला. हा लाभ लहान नाही. पण त्या बाजाराने आवाज भरगच्चच केला. कीबोर्ड आला, ऑक्टोपॅड आला. ज्या कॅसेटने स्प्रिंगस्टीनला एकटे बसू दिले तिनेच आपल्या पार्टीला आणखी चार वादक दिले.

एक गायक मात्र या मांडणीत मावत नाही आणि त्याच्याबद्दल बोलताना सावध राहावे लागते. विलास घोगरे. मुंबईतल्या आव्हान नाट्य मंचाचे शाहीर. आनंद पटवर्धनांच्या १९८५ च्या 'हमारा शहर' या चित्रपटात झोपड्या पाडल्या जात असताना त्यांचे गाणे येते. ते स्टुडिओतले गाणे नाही. शहराचा गलका त्या आवाजाला चिकटलेला आहे आणि तो आवाज तरीही उघडा वाटतो. पुढे त्यांना पथकातून काढण्यात आले. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलीस गोळीबारात दहा जण मारले गेले, आणि १५ जुलैला घोगऱ्यांनी आपल्या झोपडीत गळफास घेतला. जाताना कपाळाला निळी पट्टी बांधली होती. पटवर्धनांचा २०११ चा 'जय भीम कॉम्रेड' या मृत्यूपासून सुरू होतो. एखाद्या मरणाचा अर्थ लावायला मी बसलेलो नाही. मला विचारायचे आहे ते पथकाबद्दल. पथकाच्या शिस्तीत न बसणाऱ्या शाहिराला आपल्या परंपरेत उभे राहायला जागा कोणती होती? पथक सुटले की ढोलकीवाला सुटतो, झीलकरी सुटतात, कार्यक्रम सुटतात. देवळाबाहेर चोखोबाला उभे राहावे लागले म्हणून आपण सातशे वर्षांनी रागावतो. आपल्या फडाबाहेर कोण उभे आहे हेही मोजायला हवे. माझ्यापुरता घोगऱ्यांचा आवाज आज आहे तो पटवर्धनांच्या फिल्मवर. तो त्यांच्या स्वतःच्या खोलीत, त्यांच्या स्वतःच्या कॅसेटवर असता तर काय ऐकायला मिळाले असते, हा विचार मला सुटत नाही.

ही कॅसेट आता प्रत्येकाच्या खिशात आहे. मलकापुरात माझ्या वर्गात बसणाऱ्या मुलाच्या मोबाईलमध्ये स्प्रिंगस्टीनच्या यंत्राहून जास्त ट्रॅक आहेत. त्यांतला एक मुलगा, द्वितीय वर्षाचा, त्याच्या वस्तीतल्या गायन पार्टीत ढोलकी वाजवतो आणि झील धरतो. चौदा एप्रिल, बुद्ध पौर्णिमा, एखादे लग्न, असे त्यांचे कार्यक्रम. गेल्या वर्षी त्याने घरी एकट्याने सहा गाणी मुद्रित केली. पत्र्याची खोली, म्हणून रात्री उशिरा, डोक्यावर गोधडी घेऊन. आमचे गाव मुंबई-नागपूर लोहमार्गावर आहे, मालगाड्या रात्रभर चालू असतात, आणि दोन गाण्यांत इंजिनाचा भोंगा सरळ ऐकू येतो. पार्टीच्या म्होरक्याला ही गाणी कळली तेव्हा तो नाराज झाला. पोरगा स्वतःचे नाव करायला निघाला, असे त्याचे म्हणणे. वस्तीतल्या दोन जाणत्या माणसांनी माझ्याकडेही तक्रार आणली, कारण मीच त्याला बिघडवले असा समज.

मी ती गाणी लक्ष देऊन ऐकली आणि इथे लिहितो आहे ते शिक्षकाच्या मायेने नव्हे. सहांपैकी तीन सामान्य आहेत. पार्टीत गायची तीच गाणी त्याने एकट्याने गायली आहेत, आणि झील नसल्यामुळे ती लंगडी वाटतात. इथे म्होरक्याचे बरोबर आहे. एक गाणे कापूस वेचणीचे आहे. वेचणाऱ्या बाईचे गाठोडे काट्यावर चढते, आकडा सांगितला जातो, तिला तो वाचता येत नाही, मुलाला येतो. मुलगा आकडा वाचतो आणि गप्प राहतो. त्या मुलाचे गप्प राहणे या गाण्याचा विषय आहे. असे गाणे मी आपल्या मंचावर ऐकलेले नाही, आणि मंचावर ते ऐकू येणारही नाही, कारण मंचावर त्या मुलाला काट्यावाल्याची गचांडी धरावीच लागेल. टाळ्या तिथे आहेत. खोलीत टाळ्या नाहीत, म्हणून मुलगा गप्प राहू शकला.

पाचवे गाणे शहरात शिकायला गेलेल्या मित्राचे आहे, आडनाव झाकणाऱ्याचे. गाण्याच्या मध्ये, जिथे पार्टीत झील आली असती तिथे, या पोराने आवाज बंद ठेवला आहे. ढोलकी चार आवर्तने चालू राहते आणि मग तो पुढचे कडवे उचलतो. पहिल्यांदा मला मुद्रणातला दोष वाटला. दर वेळी त्याच जागी आले तेव्हा त्याला विचारले. तो म्हणाला, "सर, तिथं पार्टीवाले म्हणतात ना." मग हे गाणे त्याने पार्टीला ऐकवले का? नाही. ऐकवणार का? त्यावर तो काही बोलला नाही. त्याच्याकडे दुसरा ट्रॅक होता, तिसरा होता, आपलाच आवाज भरून कोरस करणे त्याला सहज जमले असते. स्प्रिंगस्टीनने काही ठिकाणी तेच केले आहे. याने केले नाही. जी माणसे त्याच्यावर नाराज आहेत त्यांची जागा त्याने रिकामी ठेवली आहे. पार्टीच्या म्होरक्याने हे एक गाणे तरी ऐकावे असे मी त्या दोघा जाणत्यांकडे निरोप पाठवून ठेवले आहे.

सहाव्या गाण्याबद्दल मात्र आमचे मतभेद आहेत. त्यात त्याने मोबाईलवरचा इको लावला आहे, देवळाच्या गाभाऱ्यात गातो आहे असे वाटावे इतका. शब्द वाहून जातात. कोणा गायकाचे ऐकून लावला हे तो सांगत नाही. ते गाणे काढून टाक आणि इकोशिवाय पुन्हा गा, असे मी त्याला दोनदा सांगितले. त्याने अजून काढलेले नाही.